वि म्हणजे विना

शब्दालाही सांधा असतो, हे मला म्हातारपणी कळलं. कळल्यावर गप्प बसायला हवं होतं. तसं न बसल्यामुळे आमच्या फ्रिजवर आजही 'विषण्ण' असं लिहिलेलं आहे आणि ते निघत नाही.

आमची नात सातवीत आहे. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. फारशी बोलत नाही, पण सतत काहीतरी इथून उचलून तिथं नेत असते, म्हणून. तिच्या वर्गाला बाईंनी यंदा एक कादंबरी लावली. एक म्हातारा नावाडी, त्याची बायको गेलेली, आणि त्याच्या नावेतून रोज पलीकडच्या शाळेत जाणारी एक मुलगी. गोष्ट बरी आहे. अडचण शब्दांची. प्रत्येक प्रकरणातले अवघड शब्द बाई फळ्यावर लिहून देतात आणि नुसता अर्थ सांगून त्यांचं भागत नाही. शब्द फोडून दाखवावा लागतो. मूळ कोणतं, त्याच्या पुढे काय जोडलंय, मागे काय जोडलंय.

पहिल्या चाचणीत मुंगी नापास झाली. यात तिचा दोष नव्हता. अभ्यास घेण्याचं काम आजवर हिच्याकडे होतं. ही म्हणजे माझी बायको. ही उन्हाळ्यात गेली आणि शाळा त्यानंतर सुरू झाली.

मुलानं जेवताना विषय काढला. "बाबा, मी तिला शिकवणी लावतोय. संध्याकाळी सहा ते आठ."

"संध्याकाळीच?"

"सकाळी शाळा असते, बाबा."

त्याचं बरोबर होतं. पण सहा ते आठ या वेळात घरात काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो आणि सूनबाई आठनंतर येतात. पूर्वी त्या वेळात ही आणि मुंगी जेवणाच्या टेबलाशी बसत आणि मी खिडकीजवळ काहीतरी खोलून बसलेला असे. आता मुंगी एकटी बसते. मी खिडकीजवळच असतो. आम्ही बोलतो असं नाही. पण पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज येतो. दिवसभरात आमच्या घरात दुसऱ्या माणसाचा तेवढाच आवाज असतो. तोही शिकवणीला गेला तर उरलो मी आणि फ्रिजची घरघर.

"मी शिकवतो," मी म्हणालो.

सूनबाईनं चमचा खाली ठेवला. मुलगा माझ्याकडे, नळातून पाण्याऐवजी दूध आल्यासारखं बघायला लागला.

"बाबा, तुम्हाला पान्याला काय म्हणतात ते आठवत नाही."

हे जिव्हारी लागलं, पण खोटं नव्हतं. माझा जन्म पाणीखात्यात गेला. आधी फिटर, मग सुपरवायझर. कोणता पाइप कुठं गळणार हे मी रस्त्यावर उभं राहून सांगत असे. पण वस्तूंची नावं वेळेवर माझ्या तोंडात कधी आली नाहीत. मी घरात शिरलो की म्हणायचो, "अगं, ते हे कुठंय?" आणि ही स्वयंपाकघरातून सांगायची, "उशीखाली." किंवा "तुमच्याच खिशात." पाना असो, चष्मा असो, वर्तमानपत्र असो, सगळ्याला 'ते हे'. कुठलं 'ते हे' हे हिला नुसत्या आवाजावरून कळायचं. कसं ते मी कधी विचारलं नाही. नळ उघडला की पाणी येतं, तेव्हा कोण चौकशी करतो?

"शब्द म्हणजे जोडकामच आहे," मी मुलाला म्हणालो. "सॉकेट, एल्बो, पाइप. मला नाही जमणार तर कुणाला?"

 मुलगा म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या चाचणीपर्यंत. पास झाली तर प्रश्न मिटला. नाही झाली तर शिकवणी." आणि त्यानं पाण्याचा पेला उचलला. म्हणजे विषय संपला. ही लकब त्यानं माझ्याकडूनच घेतलीय.

आता, एखादा माणूस काही शिकवायला निघाला आहे ही बातमी इमारतीत कशी पसरते, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. दुसऱ्याच दिवशी जिन्यात औषधांच्या दुकानवाल्यानं मला अडवलं. हा आमच्या खालीच राहतो आणि सगळ्या अडचणींवर एकाच पद्धतीनं बोलतो.

"एकदम सगळे शब्द देऊ नका, काका. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. जेवणानंतर."

"आणि उपाशीपोटी?"

"उपाशीपोटी नुसती उजळणी."

वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मत वेगळं पडलं. त्यांचा मुलगा परदेशात भाषा शिकला तेव्हा त्यानं घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली होती म्हणे. "येता-जाता नजरेला पडलं पाहिजे, भाऊ. शब्द नजरेत बसला की डोक्यात बसतो. आमचा बघा आता, तिकडचीच भाषा बोलतो. माझ्याशीसुद्धा." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. तो का गेला हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी चिठ्ठ्यांच्या विचारात होतो.

चिठ्ठ्या मी छान केल्या. जाड कागद, ठळक अक्षर. प्रश्न आला चिकटवण्याचा. घरातला गोंद वाळून दगड झाला होता. चिकटपट्टी कुठं असते ते हिला माहीत होतं. मग मी माझ्या पेटीतून पाइप जोडायचं सोल्युशन काढलं. या पदार्थावर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास आहे. त्यानं जोडलेला पाइप एक वेळ फुटतो, पण सांधा सुटत नाही.

पहाटे, घर झोपेत असताना, फ्रिजवर 'विषण्ण' लावलं. आरशावर 'क्षणभंगुर'. बादलीवर 'अथांग', हे मला विशेष जमलंय असं वाटलं. दाराजवळ मुलाचं हेल्मेट टांगलेलं असतं. मुंगी शाळेत जाताना तिकडे हमखास बघते म्हणून त्याच्या मागच्या बाजूला 'अविवेकी' लावलं. 'निरुपयोगी' तेवढं टेबलावर ओलं राहिलं होतं. त्याच्यावर कुणी बॅग ठेवेल हे मला कसं कळणार?

संध्याकाळी आधी सूनबाई आली. चप्पल न काढताच ती माझ्यासमोर उभी राहिली आणि बॅग उलटी करून दाखवली.

"बाबा, ही बॅग मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं."

"पाण्यानं पुसून बघितलंस का?"

"पाण्यानं, साबणानं, रॉकेलनं. कातडं निघालं. चिठ्ठी तशीच आहे."

मला क्षणभर सोल्युशनचा अभिमान वाटला, पण तो चेहऱ्यावर आणायची ती वेळ नव्हती. तेवढ्यात मुलगा आला. त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. 

"सिग्नलला पोलिसानं बाजूला घेतलं," तो म्हणाला. "मला वाटलं, कागदपत्रं बघायची असतील. तो म्हणाला, साहेब, लोक पकडल्यावरसुद्धा कबूल करत नाहीत. तुम्ही लिहूनच फिरता. आणि त्यानं मला सलाम केला."

टेबलाच्या टोकाला मुंगी मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती. उन्हाळ्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. तिचं हसू मुलालाही दिसलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला. "चिठ्ठ्या बंद, बाबा. शिकवायचं तर पुस्तकातून शिकवा."

पुस्तकातून शिकवायचं तर शब्दकोश हवा. मी वाचनालयात गेलो. वाचनालयाचं कार्ड हिचं होतं. ही दर आठवड्याला जायची. मी फार तर दाराबाहेर स्कूटर लावून उभा राहायचो.

ग्रंथपाल काउंटरमागे बसले होते. त्यांनी आधी कार्ड बघितलं, मग कार्डावरचा फोटो, मग मला.

"हे तुम्ही नाही."

"नाही. माझी बायको आहे."

"शब्दकोश घरी मिळत नाही. इथंच बघायचा. आणि तोही सभासदांना. सभासदानं स्वतः यायला हवं."

"तिला यायला जमणार नाही."

"मग त्यांच्या सहीचं पत्र आणा."

"सहीसुद्धा जमणार नाही."

"बाहेरगावी असतात का?"

इथं एका शब्दात काम झालं असतं. तो शब्द मुंगीच्या कादंबरीत पहिल्याच पानावर होता, नावाड्याच्या नावाला लागून. बाईंनी तो फळ्यावरही लिहून दिला होता. मला तो येत होता. तोंडापर्यंत आला आणि तिथंच अडकला, पाइपात खडा अडकावा तसा.

"हो," मी म्हणालो. "तसंच समजा."

"मग आल्या की पाठवून द्या त्यांना," ग्रंथपाल म्हणाले. "बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "बंद करायची वेळ झालीय. उभ्यानं बघा काय बघायचं ते. पटकन."

बाईंच्या शब्दांत 'वि'नं सुरू होणारे शब्द सगळ्यात जास्त होते. म्हणून मी सरळ 'वि' काढलं. पानाच्या अगदी तळाशी होतं. 'वि : उपसर्ग. अर्थ – विना, नसलेला, निघून गेलेला.' तिथं पान संपत होतं. मी पान उलटायला बोटाला थुंकी लावली आणि वाचनालयातले दिवे गेले. म्हणजे ग्रंथपालांनी घालवले. अंधारात मी कोश जागेवर ठेवला. मनात म्हटलं, मिळालं ते पुरेसं आहे. पुढच्या पानावर उदाहरणं असतील, दुसरं काय असणार? एखादा माणूस अर्धवट नकाशा घेऊन रस्ता खणायला निघतो आणि भलत्याच घराचं पाणी तोडतो. खात्यात असताना अशा माणसांना मी फार बोललोय.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळची जागा सोडून टेबलाशी बसलो. हिच्या खुर्चीवर नाही. शेजारच्या.

"वि म्हणजे विना," मी सांगितलं. "वि काढून टाकायचा, जे उरेल ते नाही असं म्हणायचं. झालं."

"सगळ्या वि-ला?" मुंगीनं विचारलं.

"सगळ्या. अर्ध्या इंचाचं सॉकेट कुठल्याही घरात अर्ध्या इंचाचंच असतं."

विफल घेतलं. फळ नसलेलं. बरोबर आलं. विजोड. जोड नसलेलं. तेही बरोबर. माझी छाती फुगली. इतकी वर्षं लोक भाषा भाषा म्हणून घाबरवत होते ती ही एवढीच! मग आम्ही कादंबरीच भराभर खोलायला घेतली.

"विमान?"

"मान नसलेलं," मी म्हणालो. "अपमान झालेला."

"विवाह?"

"ज्यात कुणी वाहवा करत नाही."

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "विचार?"

"चार नसलेला. चारचौघांत न बसता एकट्यानं करायची गोष्ट."

"विलंब?"

"लांब नसलेलं. जवळ."

"विनोद?"

यावर मी जरा थांबलो. मग खात्यातली नोकरी कामी आली. "नोंद नसलेला. ज्याची कुठंही नोंद झालेली नाही असा."

आता ती उघड हसली. दात दिसले. खरं म्हणजे मी इथं थांबायला हवं होतं. शिकणारं पोर प्रत्येक उत्तराला हसतंय म्हणजे कुठंतरी गळतंय हे फिटरला कळायला हवं. पण ती हसत होती म्हणून मी फोडत गेलो. खाली औषधवाल्यापर्यंत तिचा आवाज गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काका, डोस वाढवलात का?"

शेवटी तो शब्द आला. मुंगीनं तो वाचला नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि बोट ठेवलं.

"विधुर," मी म्हणालो. शिकवण्याच्या आवाजात म्हणालो, म्हणजे तो शब्द माझ्याबद्दल नसल्यासारखा. "सोपं आहे. वि आणि धूर. धूर नसलेला. बायको गेली, घरात कुणी काही शिजवत नाही, धूर होत नाही. म्हणून विधुर. लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडून वास यायला लागला होता. मी दूध ठेवून विसरलो होतो. मी धावलो, पातेलं उतरवलं, खिडक्या उघडल्या, टॉवेलनं वारा घातला. परत येऊन बघतो तर तिनं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"लक्षात राहील," ती म्हणाली.

चाचणी झाली. त्यानंतर काही दिवसांनी शाळेतून फोन आला, कुणीतरी येऊन भेटा. मुलाला सुट्टी नव्हती. मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, कारण मनातून मला वाटत होतं की बाईंना माझी पद्धत विचारायची असेल.

वर्ग सुटलेला होता. बाई तरुण होत्या. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसायला सांगितलं. तो बाक सातवीच्या मुलांसाठी केलेला होता. गुडघे हनुवटीपर्यंत आले आणि अशा अवस्थेत माणसाला आब राखता येत नाही. मुंगी फळ्याजवळ बुटांकडे बघत उभी होती.

"वाक्य असं होतं," बाई पेपर हातात घेऊन म्हणाल्या. "नावाडी जाणाऱ्या विमानाकडे बघत राहिला. अर्थ लिहायचा होता. हिनं लिहिलंय, नावाडी अपमान होऊन जाणाऱ्याकडे बघत राहिला."

मी घसा साफ केला.

"नावेला विलंब झाला. हिनं लिहिलंय, नाव जवळ आली. आजोबा, त्या प्रकरणात नाव येतच नाही. मुलगी वाट बघून बघून घरी जाते. सगळं प्रकरण त्याच्यावर आहे."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"विवाह, ज्यात कुणी वाहवा करत नाही. याला मी जवळजवळ गुण दिले होते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पटलं." त्यांनी पान उलटलं. "हे हिला कुणी शिकवलं?"

मुंगी बुटांकडेच बघत होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. तिनं घेतलं नाही म्हणून मला घ्यावं लागलं.

"मी. वि म्हणजे विना. शब्दकोशात लिहिलंय."

"आणखी काय लिहिलंय?"

मी दिव्यांची हकीकत सांगितली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग फळ्याकडे वळून त्यांनी खडू घेतला आणि मला, त्या बाकावर बसलेल्या मला, पुढचं पान शिकवलं. वि म्हणजे विना असतं. विशेषही असतं. वेगळंही असतं. विरुद्धही असतं. विमानातला मान म्हणजे अब्रू नाही, मोजणं. आकाश मोजत जातं ते. विवाहातला वाह म्हणजे वाहून नेणं. विनोदात नोंद नाही, नोद आहे. नोद म्हणजे ढकलणं, हाकलणं. मनावर बसलेलं काही असेल ते जरा वेळ हाकलून लावतो, तो विनोद.

मी हे लक्षात ठेवलं.

"आता हे बघा," बाई म्हणाल्या. "बाकी सगळीकडे तुमचा नियम लावलाय. एका शब्दाला नाही लावला. विधुर." आणि त्यांनी वाचलं, "विधुर म्हणजे, ज्यानं 'ते हे कुठंय' असं विचारलं तर आता कुणीच सांगत नाही असा माणूस."

वर्गात बाहेरच्या मैदानावरचा आवाज येत होता. मी बाकाच्या लाकडावर कुणीतरी कोरलेली रेघ बघत बसलो.

"ते हे म्हणजे काय हे मला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून गुण किती द्यायचे तेही कळलं नाही."

"ते हे म्हणजे काहीही," मुंगी म्हणाली. ती एवढी सलग बोलेल असं मला वाटलं नव्हतं. "पाना, चष्मा, वर्तमानपत्र. आजीला कळायचं कुठलं ते. आजोबा अजून विचारतात. स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात. मग गप्प बसतात. मग स्वतः शोधतात."

"आणि आजोबांनी या शब्दाचा अर्थ काय सांगितला होता?"

"धूर नसलेला."

"मग तो का नाही लिहिलास? बाकीचे तर लिहिलेस."

"तो खोटा आहे, बाई. आजोबा रोज दूध जाळतात. घरभर धूर असतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेपर उगाच उचलून टेबलावर आपटून सारखे केले. ते आधीच सारखे होते. मग म्हणाल्या, "धूर नाही, धुरा. गाडीचा पुढचा दांडा असतो ना, ज्याच्यावर भार येतो, ती धुरा. संसाराची धुरा म्हणतो आपण. ती ज्याची गेली तो विधुर, असं फोडून दाखवतात."

"भार गेला म्हणजे सुटलाच की तो," मी म्हणालो. बोलायचं म्हणून बोललो.

पण घरी येताना, आणि त्यानंतरही, माझ्या डोक्यात लांब पाइप होता. लांब पाइप दोघांनी खांद्यावरून न्यायचा असतो. पुढच्यानं अचानक खांदा काढून घेतला तर मागच्याचा भार कमी होत नाही. पाइप त्याला घेऊन खाली येतो. लोकांना लांबून वाटतं, हा माणूस उगाच का बसला?

वर्गात मात्र मी कामाचं विचारलं. "म्हणजे नापासच ना?"

"नापास," बाई म्हणाल्या.

"मग तिचे वडील तिला शिकवणी लावणार. संध्याकाळची. तसं ठरलंय." हे मी सरळ आवाजात सांगितलं. पण मुंगीनं पहिल्यांदाच बुटांवरून नजर उचलली. माझ्याकडे नाही, बाईंकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की त्या दोन तासांची काळजी मी एकटाच करत नव्हतो.

बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "शिकवणीचा काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "हिला शब्द येत नाहीत असं नाही. चुकीचे अर्थ पक्के येतात. ते आधी काढायला हवेत, आणि कुठं कुठं बसलेत हे दुसऱ्या कुणाला माहीत? ज्यानं बसवले त्यानं काढावेत. मी महिनाअखेरीस फेरचाचणी घेते. तोपर्यंत रोज संध्याकाळी तुम्ही बसायचं. वडिलांना सांगा, शाळेनं सांगितलंय."

हा आमच्या खात्यातला जुना नियम. ज्याचा सांधा गळला त्यानंच तो खोलायचा. आयुष्यभर हा नियम मी दुसऱ्यांना लावला. मला कुणी लावला तेव्हा इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. बाकातून उठताना मात्र गुडघे अडकले आणि मला बाहेर काढायला बाई आणि मुंगी दोघींना हात लावावा लागला.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "शाळा असं म्हणाली?" मी म्हणालो, "लेखी आणू का?" त्यानं फ्रिजवरच्या 'विषण्ण'कडे बघितलं आणि म्हणाला, "नको, लेखी काही नको." आणि त्यानं पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. सकाळी गेलो, दिवे जायच्या खूप आधी. हिचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"हे बंद करायचंय. आणि माझ्या नावानं नवीन काढायचंय."

"का? वहिनी अजून आल्या नाहीत?"

"येणार नाहीत. मी विधुर आहे."

आवाज जरा मोठा आला असावा. वर्तमानपत्र वाचत बसलेले दोघंतिघं वळून बघायला लागले. मीही बघितलं, शब्द कुठं पडला ते. कुठंच पडला नव्हता. सगळं जागच्या जागी होतं.

ग्रंथपाल उठून उभे राहिले. "त्या दिवशी सांगायचंत हो. मी आपला पत्र मागत बसलो."

"त्या दिवशी शब्द येत नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी नवीन कार्ड केलं. जुनं त्यांनी ठेवून घेतलं नाही, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "राहू दे तुमच्याकडे." मग कपाटातून स्वतः कोश काढून टेबलावर आणून ठेवला, खुर्ची ओढून दिली आणि हळूच म्हणाले, "घरी मात्र देता येणार नाही."

आता रोज संध्याकाळी आम्ही बसतो. एकेक शब्द परत खोलतो. विलंब तिच्या डोक्यातून लवकर गेला. विवाह जायला तयार नाही, आणि सूनबाई मध्ये मध्ये म्हणते, राहू दे तो तसाच. मी शिकवतो त्यापेक्षा शिकतो जास्त, पण हे मुलाला सांगायची गरज नाही.

काल मिक्सरचं भांडं घट्ट बसलं होतं. ते मांडीवर घेऊन मी खिडकीजवळ बसलो होतो. मुंगी टेबलाशी लिहीत होती. काम अडलं आणि तोंडून सवयीनं गेलं, स्वयंपाकघराकडे बघूनच गेलं, "अगं, ते हे कुठंय?"

बोलल्यावर कळलं. मी गप्प बसलो.

"टीव्हीच्या मागे," मुंगी म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. मग पेन्सिल ठेवून उठली, टीव्हीच्या मागे हात घातला, माझा चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. जराही शंका नव्हती तिच्या चेहऱ्यावर. परत जाऊन लिहायलाही लागली.

मला पक्कड हवी होती.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला, मिक्सर खाली ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसलो.

"हं," म्हटलं. "पुढचा शब्द सांग."